ट्रॅक्टरचा पंजा : निवडला कसा, बसवला कसा

गेल्या जूनमधील वादळी पावसात शाळेच्या शेतावरील सात झाडे एका रात्रीत आडवी झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. चार निलगिरी, दोन अकेशिया आणि बांधावरचा जुना आंबा. झाडे तोडून ओंडके बाजूला करण्याचे काम सलग अकरा दिवस चालले. नवव्या दिवशी एक ओंडका घसरला आणि बागेचे काम पाहणाऱ्या आमच्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटे चेंगरली. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. मामा आता पूर्ववत कामावर आहेत. पण माणसांनी ओंडके उचलायचे नाहीत, हे त्या दिवशी शेती समितीत ठरले.

शाळेकडे लहान ट्रॅक्टर आहेच. त्याला पुढे लोडरही आहे. त्या लोडरला ओंडका पकडणारा पंजा, म्हणजे ग्रॅपल, बसवावा असे आम्ही सुचवले आणि विश्वस्त मंडळाने मान्यता दिली. त्यानंतर आमच्याकडून एक चूक झाली. ती चूक काय होती, ती कशी सुधारली आणि आज शेतावर जो पंजा काम करतो तो कोणत्या हिशेबाने निवडला, याबद्दल अनेक पालकांनी विचारणा केली. काही पालक स्वतः शेतकरी आहेत, त्यांनाही असा पंजा घ्यायचा आहे. म्हणून या अंकात सविस्तर लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनीही हा लेख जरूर वाचावा. तरफ आणि पास्कलचा नियम यांचा वर्गाबाहेर कोठे उपयोग होतो, हे त्यांना यात दिसेल.

पंजा म्हणजे काय?

उसाच्या हंगामात आपल्या बेळगाव परिसरात ट्रॉलीत ऊस भरणारी यंत्रे बहुतेकांनी पाहिली असतील. लोखंडी बोटे उघडतात, मोळीभर ऊस कवेत घेतात आणि मिटतात. ट्रॅक्टरच्या लोडरवरचा पंजा त्याच जातीचा, फक्त लहान. खाली दात्यांचा एक सांगाडा असतो आणि वरून त्यावर मिटणारे झाकण. हे झाकण उघडण्या-मिटण्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर असतो.

त्याचे मुख्य प्रकार चार. पहिला मुळांचा पंजा. याचे खालचे दाते लांब आणि मोकळे असतात, त्यामुळे झुडपे उचलताना माती खाली गळून पडते. दुसरा बकेटचा पंजा, म्हणजे नेहमीच्या बकेटला वरून झाकण. यात माती, शेणखत, दगडही उचलता येतात, पण वजन अधिक आणि माती गळत नाही. तिसरा ओंडक्यांचा पंजा, अरुंद आणि वाकड्या बोटांचा. चौथा शिंपल्यासारखा उघडणारा, काटक्या आणि पाचट यांचा मोठा भारा धरणारा.

झाकण एक असावे की दोन, हाही प्रश्न असतो. दोन झाकणे वेगवेगळी मिटतात, त्यामुळे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा ओंडकाही दोन्हीकडे घट्ट धरला जातो. एका झाकणात ती सोय नाही. परंतु दोन झाकणे म्हणजे दोन सिलिंडर, जास्त लोखंड, जास्त वजन. आमची पहिली चूक याच ठिकाणी झाली.

पहिली चाचणी

आम्ही विक्रेत्याकडून जो पंजा मागवला, तो दोन झाकणांचा, दीड मीटर रुंद, जाड पत्र्याचा होता. दिसायला भक्कम. वजन १८० किलो. लोडरच्या पुस्तिकेत उचलण्याची क्षमता ५०० किलो लिहिलेली होती. १८० वजा केले तर ३२० किलो उरतात, तेवढे पुष्कळ झाले, असे आम्हाला वाटले.

शनिवारी शाळा सुटल्यावर चाचणी ठेवली. मुले उत्सुकतेने भोवती जमली आणि आम्ही त्यांना दूर केले नाही. निलगिरीचा एक ओंडका पंजात धरून गुडघ्याएवढा उचलला. चालकाने ट्रॅक्टर थोडा वळवला, जमीन किंचित उतरती होती आणि मागचे डावे चाक वीतभर वर आले. चालकाने घाबरून ब्रेक न दाबता लोडरचा दांडा पुढे करून ओंडका ताबडतोब जमिनीवर टेकवला, म्हणून चाक परत खाली बसले. कोणालाही इजा झाली नाही. पण ज्या बाजूला ट्रॅक्टर कलत होता, त्या बाजूला दहा-बारा पावलांवर सहावीची मुले उभी होती.

“सवय झाली की जमते,” असे विक्रेत्याच्या माणसाने सांगितले. आम्हाला ते पटले नाही. आगाऊ रक्कम दिलेली नव्हती. पंजा परत पाठवला. आणि मग जे आधी करायला हवे होते ते केले: वजने मोजली आणि हिशेब मांडला.

चाक का उचलले गेले?

प्रथम ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घेतली, मग फक्त मागची. लोडर आणि चालकासह ट्रॅक्टरचे एकूण वजन ११०० किलो भरले. पुढे ५५० आणि मागे ५५०. पुढच्या आणि मागच्या आसातील अंतर दीड मीटर. म्हणजे ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून पाऊण मीटर मागे आहे. (आकडे सोयीसाठी थोडे पूर्ण केले आहेत.)

आता पुढचा आस हा तरफेचा टेकू समजा. ट्रॅक्टरचे वजन मागे खाली दाबते: ११०० गुणिले ०.७५ म्हणजे ८२५. पंजातला भार पुढे खाली दाबतो. आमच्या लोडरच्या बाहू पसरलेल्या स्थितीत पंजाचा मध्य पुढच्या आसापासून दीड मीटर पुढे येतो. चाचणीचा ओंडका ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन मीटर लांबीचा होता. ओल्या निलगिरीचे वजन साधारण पाण्याएवढे, म्हणजे घनमीटरला १००० किलो धरले तर ओंडका सुमारे ३५० किलोचा. पंजासह ५३० किलो. गुणिले १.५ म्हणजे ७९५.

८२५ मधून ७९५ गेले, उरले ३०. त्याला आसांमधल्या दीड मीटरने भागले की मागच्या चाकांवर उरलेले वजन मिळते: २० किलो. जेथे ५५० किलो होते तेथे २० किलो! एवढ्या वजनावर थोडासा धक्का किंवा उतार पुरतो.

बरे, दोन्ही चाके न उचलता एकच का उचलले? त्याचे कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या आसात आहे. तो आस मधोमध एका खिळीवर डुलता बसवलेला असतो, कारण खाचखळग्यांतही चारही चाके जमिनीला टेकावीत. पण त्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर उभा नसतो. तो खरे तर तिकाटण्यासारखा तीन बिंदूंवर उभा असतो: मागची दोन चाके आणि पुढची मधली खिळी. भार पुढे गेला की सगळे वजन त्या एका खिळीवर येते आणि ट्रॅक्टर बाजूला कलू लागतो. पुढची चाके कितीही रुंद असली तरी आस आपल्या थोपटण्यांवर टेकेपर्यंत ती कलणे थांबवत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या चाकांना असतात. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ब्रेक दाबूनही काही उपयोग नाही. चाके घासत जातात आणि ट्रॅक्टर उताराने पुढे सरकतो.

मग पुस्तिकेतील ५०० किलोचे काय? तो आकडा खोटा नाही. पण तो लोडरच्या टोकाच्या पिनपाशी, तेलाच्या दाबाने किती उचलता येईल हे सांगतो. भाराचा मध्य पिनच्या पुढे असतो, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता कमी होते. शिवाय बाहू वर असताना ताकद कमी आणि जमिनीजवळ जास्त असते, म्हणून आमचा जड ओंडका गुडघ्यापर्यंत निमूट उचलला गेला. लोडर किती उचलू शकतो आणि ट्रॅक्टर किती पेलू शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आम्ही पहिल्याचे उत्तर वाचले आणि दुसरा विचारलाच नाही.

मागचे वजन

यावर उपाय जुना आहे: मागे वजन लावणे. विहिरीच्या ओकतीला मागे दगड बांधतात, तसेच. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरता येते, चाकांना बिडाची वजने लावता येतात किंवा मागच्या तीन सांध्यांवर वजनाचा ठोकळा अडकवता येतो. यापैकी शेवटचा सर्वांत गुणकारी, कारण तो मागच्या आसाच्याही मागे लटकतो.

आम्ही २०० लिटरचा लोखंडी ड्रम आडवा अर्धा कापून घेतला. खालच्या दोन सांध्यांसाठी आरपार जाड गज आणि वरच्या सांध्यासाठी वेल्ड केलेली चौकट बसवून त्यात काँक्रीट भरले. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो, म्हणजे १०० लिटरचे २४० किलो, लोखंडासह २५०. आठवी व नववीच्या मुलांनी आकडेमोड केली आणि काँक्रीट भरायलाही मदत केली.

हा ठोकळा मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे, म्हणजे पुढच्या आसापासून २.३ मीटरवर लटकतो. २५० गुणिले २.३ म्हणजे ५७५. आधीचे ८२५ मिळवून १४०० झाले. गंमत अशी की, ठोकळा लावल्याने ट्रॅक्टरचे एकूण वजन वाढते, पण पुढच्या आसावरचे वजन १३३ किलोने कमी होते. बऱ्याच जणांना वाटते की आधीच भार आहे, त्यात आणखी वजन कशाला? पण हे वजन पुढच्या आसाचा भार हलका करते.

पुढच्या आसाकडे लक्ष देणे का आवश्यक आहे, हेही सांगतो. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पुढच्या आसाची मर्यादा ११०० किलो दिली आहे. चाचणीच्या वेळी त्यावर १६१० किलो आले होते. पंजात एक किलो वाढला की आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर दोन किलो वाढतात: एक त्याचा स्वतःचा आणि एक मागच्या चाकांवरून उचलून आणलेला.

दुसरी निवड

आता हिशेब हाताशी होता. काम ठरवले: २०० किलोपर्यंतचा ओंडका. मग तीन शक्यता तपासल्या.

पहिली, १८० किलोचा पंजा आणि मागे ठोकळा. पुढच्या आसावर ११७७ किलो येतात. मर्यादेबाहेर.

दुसरी, ११० किलोचा हलका पंजा, मागे काहीच नाही. पुढच्या आसावर ११७०. हीसुद्धा मर्यादेबाहेर.

तिसरी, हलका पंजा आणि मागे ठोकळा. पुढे १०३७, मागे ६२३. ही चालते.

म्हणजे नुसता हलका पंजा घेऊन भागत नाही आणि नुसता ठोकळा लावूनही नाही. दोन्ही हवेत. त्याप्रमाणे आम्ही एक झाकणाचा, १.२ मीटर रुंदीचा मुळांचा पंजा घेतला. रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांएवढीच ठेवली. जास्त रुंद पंजाच्या एका कोपऱ्यात भार आला की लोडरचे बाहू पिळले जातात. दात्यांमधील अंतर सुमारे १५ सेंटिमीटर आहे, त्यातून आपली तांबडी चिकट मातीही झटकली की गळून जाते. शेणखतासाठी मात्र हा उपयोगाचा नाही, त्यासाठी जुनी बकेटच लावावी लागते.

ओंडके किती लांबीचे कापायचे, हेही हिशेबाने ठरते. एक मीटर लांबीचा ओला ओंडका २० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर सुमारे ३१ किलो, ३० चा ७१ किलो, ४० चा १२६ किलो आणि ५० चा १९६ किलो भरतो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होते, हे लक्षात ठेवावे. म्हणून ४० सेंटिमीटरचा ओंडका आम्ही दीड मीटरपेक्षा लांब ठेवत नाही. हे आकडे रंगवून शेडच्या दारावर लावले आहेत.

तेल पंजापर्यंत कसे न्यायचे?

ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला नियम मुलांना पाठ असतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. आमच्या पंजाच्या सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरच्या पंपाचा दाब १५० बार. त्यातून जोर येतो सुमारे ३००० किलोचा. सिलिंडर झाकणाच्या बिजागरीपासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि झाकणाचे टोक ६० सेंटिमीटरवर; म्हणजे टोकाशी चौथा भाग, साडेसातशे किलो. पंज्यात हात घालू नये, हे मुलांना सांगताना आम्ही हा आकडा सांगतो.

वेगाचा हिशेबही सोपा आहे. सिलिंडरची चाल २० सेंटिमीटर, म्हणजे ३९३ घनसेंटिमीटर तेल. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर झाकण सव्वा सेकंदात मिटते. इतका वेग नको, म्हणून इंजिन मंद ठेवूनच काम करतो.

आता मुख्य अडचण. लोडरला तेलाच्या दोनच क्रिया असतात: बाहू वर-खाली करणे आणि बकेट झुकवणे. झाकणासाठी तिसरी हवी. ती तीन प्रकारे मिळते. एक, ट्रॅक्टरच्या मागील तेलाच्या जोडण्यांपासून पुढे नळ्या आणायच्या. हे सर्वांत साधे, पण मागचा दांडा चालवायला चालकाला लोडरच्या दांड्यावरचा हात काढावा लागतो. दोन, वळण देणारा व्हॉल्व्ह बसवायचा. दांड्यावरचे बटण दाबले की झुकवण्याचे तेल झाकणाकडे वळते. यात झुकवणे आणि मिटवणे एकाच वेळी होत नाही. तीन, स्वतंत्र तिसरा व्हॉल्व्ह. यात दोन्ही क्रिया एकत्र होतात, पण तो महाग आणि बसवायला किचकट.

आम्ही दुसरा पर्याय घेतला. आधी मिटवा, मग झुकवा, ही शिस्त शाळेच्या कामाला पुरेशी आहे. दिवसभर लाकूड हलवणाऱ्याने मात्र तिसऱ्याचा विचार करावा. याशिवाय झाकणाच्या सिलिंडरला तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह लावला, त्यामुळे नळी फुटली तरी झाकण आपोआप उघडत नाही.

येथे सांगायला आनंद वाटतो की, आपले बेळगाव फाउंड्री आणि हायड्रॉलिक भागांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. उद्यमबागेत काम करणारे आपले एक पालक दोन रविवार स्वतः आले, जोडण्यांची मापे तपासली आणि कोणता भाग कोठे बसेल ते आम्हाला समजावून दिले. बाहेरून तज्ज्ञ बोलवण्याची गरज पडली नाही.

बसवण्याचे टप्पे

१. मापे. आमच्या लोडरला झटपट जोडणी नाही, पिनने जोडावे लागते. म्हणून पिनचा व्यास, दोन कानांमधील अंतर आणि वरच्या व खालच्या पिनमधील उंची ही तीन मापे घेतली आणि पुठ्ठ्याचा साचा कापून पंजा बनवणाऱ्याकडे पाठवला. उंचीच्या मापात फरक पडला तर पंजा पूर्ण झुकत नाही किंवा पूर्ण मागे वळत नाही. हे माप दोनदा घ्यावे.

२. दाब काढणे. ट्रॅक्टर सपाट जागी, हँडब्रेक लावून, बाहू जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायचे. मग किल्ली चालू ठेवून सगळे दांडे पुढे-मागे हलवायचे, बटण दाबूनही आणि न दाबताही. उन्हात तापलेल्या बंद नळीत दाब साठतो आणि मग जोडणी बसतच नाही. हातोडीने ठोकून ती बसवू नये.

३. नळ्या. नळ्या सांध्यांवरून जातात तेथे थोडी सैल कमान ठेवावी. इंजिन लावण्यापूर्वी, शक्य तेवढे हाताने हलवून, नळी कोठे ताणते, कोठे चेंगरते, कोठे घासते ते पाहावे. घासणाऱ्या जागी जाड आवरण घालावे. टोकांना रंगीत पट्टी लावावी: आमच्याकडे लाल म्हणजे मिटणे, पिवळी म्हणजे उघडणे.

४. वीज. व्हॉल्व्हची तार बॅटरीकडून फ्यूजमधूनच घ्यावी आणि तार गरम सायलेन्सरपासून दूर न्यावी.

५. हवा काढणे. इंजिन मंद ठेवून झाकण सात-आठ वेळा पूर्ण उघडावे-मिटावे. सुरुवातीला ते धक्के देत हलते, हवा निघाली की सुरळीत होते. नंतर तेलाची पातळी पाहून तेल भरावे, कारण नव्या नळ्या आणि सिलिंडर बरेच तेल घेतात.

६. बॉनेट. झाकण पूर्ण उघडे आणि पंजा पूर्ण मागे वळलेला असताना झाकण बॉनेटला लागते का, हे अगदी सावकाश पाहावे. आमचे लागत होते. झाकणाला रोधक वेल्ड करून घेतला.

७. गळती. गळती कधीही बोटाने चाचपू नये. १५० बार दाबाची तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, दुखतही नाही, पण आत तेल पसरते आणि हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. अशी जखम झालीच तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालयात जाऊन ‘दाबाचे तेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

८. पुन्हा आवळणे. पहिल्या काही तासांच्या कामानंतर सर्व बोल्ट, पिनच्या खिळी आणि जोडण्या पुन्हा तपासाव्या. सांध्यांना ग्रीस रोज.

चालवण्याचे नियम

चालकाच्या आसनामागची संरक्षक कमान आमच्या ट्रॅक्टरला नव्हती. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी वस्तू तीच आहे, म्हणून पंजापूर्वी उत्पादकाची कमान आणि आसनपट्टा बसवून घेतला. अशी कमान गावातल्या वेल्डरकडून करून घेऊ नये. ती तपासलेलीच हवी. कमान असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, नाही तर उलटताना चालक बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडतो.

बाकी नियम असे. मागचा ठोकळा लावल्याशिवाय पंजा लावायचा नाही. भार जमिनीपासून शक्य तितका खाली. वळताना पायी चालण्याचा वेग. उताराला आडवे जायचे नाही. भार नेताना चारही चाकांना गती देणारा दांडा लावून ठेवायचा, म्हणजे ब्रेकचा परिणाम पुढच्या चाकांपर्यंत पोचतो. बाहू उंच करून पंजा फार मागे वळवायचा नाही, कारण सुटलेला ओंडका बाहूंवरून घरंगळत चालकाच्या अंगावर येतो. रुतलेले बुंधे दात्यांनी उपटायचे नाहीत. विजेच्या तारांखाली बाहू उचलायचे नाहीत. उचललेल्या पंजाखाली कोणीही जायचे नाही. पंजात बसून फोटो काढायचा नाही, हे मुलांसाठी आणि काही पालकांसाठीही.

आणि शेवटचा: काम चालू असताना भोवती वीस पावलांचे रिंगण, चुन्याने आखलेले. आत चालकाशिवाय कोणी नाही.

घ्यायचाच कशाला, भाड्याने का नाही?

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त होता. वर्षातून एकदा झाडे पडतात. दोन दिवस मोठे यंत्र भाड्याने आणले तर? झाडे एवढेच काम असेल तर भाड्याचेच यंत्र परवडेल, असे आमचेही मत आहे, आणि तसे पालकांनाही सांगतो. पण आपल्या शेतावर उसाचे पाचट, नारळाच्या झावळ्या, छाटणीच्या फांद्या, कुंपणालगतची घाणेरी हे काम बारा महिने असते. शिवाय मोठ्या यंत्राने पावसाळ्यात ओली जमीन दाबून घट्ट केली, तर पुढच्या हंगामात ती पुन्हा नांगरावी लागते.

दुसरा प्रश्न मामांनीच विचारला होता, तोही हळू आवाजात: “पंजा आला तर आमचे काम राहील ना?” राहील, असे मंडळाने लेखी ठरवले आहे. आज पंजा मामाच चालवतात. महिनाभर रिकाम्या जागेत, रिकाम्या पंजाने सराव करून मगच त्यांनी पहिला ओंडका उचलला.

करून पाहा

विद्यार्थी मित्रांनो, सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० ची. बारीक नळीने जोडून पाणी भरा, हवा राहू देऊ नका. मोठी मित्राला दाबून धरायला सांगा आणि लहान तुम्ही दाबा. मित्र कितीही दांडगा असला तरी हरेल. मात्र तुमचा दट्ट्या किती सरकला आणि त्याचा किती, हेही मोजा. जोर वाढला त्याची किंमत कोठे मोजली गेली, ते कळेल.

आणि एक उदाहरण. वरील हलका पंजा आणि ठोकळा लावलेला असताना, पुढच्या आसाची ११०० किलोची मर्यादा न ओलांडता जास्तीत जास्त किती किलोचा ओंडका उचलता येईल? उत्तर २०० पेक्षा थोडे अधिक येते. मग आम्ही मर्यादा २०० वरच का ठेवली, याची दोन कारणे वहीत लिहून विज्ञानाच्या सरांना दाखवा.

ज्या पालकांना पंजा घ्यायचा असेल त्यांनी आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका आणि पुढच्या-मागच्या चाकांचे वेगवेगळे वजन लिहून आणावे. कोणत्याही शनिवारी दुपारी शाळेच्या शेडमध्ये सोबत बसून हिशेब मांडू. वजनकाट्याची पावती मात्र आधी आणावी, पंजाची नंतर.